भाकरीपासून सुरुवात: नव्याने प्रार्थनेला बसणाऱ्यांसाठी

रविवारची उपासना संपली की आमच्या मंडळीत मागच्या दोन बाकांवर एक छोटा वर्ग भरतो. नुकताच बाप्तिस्मा झालेले, दृढीकरणाची, म्हणजे मंडळीपुढे स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीची, तयारी करणारे, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या सुना, आणि जन्मापासून मंडळीत असूनही स्वतःच्या तोंडाने कधी प्रार्थना न केलेले, असे सगळे त्यात असतात. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर पाळकसाहेबांनी हा वर्ग माझ्याकडे दिला. पहिल्या दिवशीचा प्रश्न ठरलेला असतो. "बाई, प्रार्थनेत बोलायचं काय? आम्हाला पाळकसाहेबांसारखं येत नाही."

यात लाजण्यासारखं काही नाही. येशूच्या शिष्यांनीही हेच विचारलं होतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीला येशू प्रार्थना करून उठतो आणि त्यांच्यातला एक जण म्हणतो, प्रभू, आम्हालाही प्रार्थना करायला शिकवा. या लोकांनी आजारी बरे होताना पाहिले होते, वादळ शांत होताना पाहिलं होतं. आम्हाला ते शिकवा, असं कुणी म्हटल्याचं शुभवर्तमानात नाही. त्यांनी मागितली ती प्रार्थना.

शिष्य म्हणजे शिकणारा. सोलापुरात हे समजावणं मला सोपं जातं. माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक तेलुगू कुटुंब होतं, घरातच माग होते. नवा पोरगा कामाला लागला की लगेच त्याच्या हाती माग देत नसत. आधी कांड्या भरायच्या, तुटलेले धागे सांधायचे आणि मास्तरच्या शेजारी उभं राहून त्याचे हात बघत राहायचं. काही महिन्यांनी पोराचे हात आपोआप तसेच चालायला लागायचे. प्रार्थना म्हणजे येशूच्या शेजारी असं रोज उभं राहणं, असं मी वर्गात सांगते. त्याचं वागणं हळूहळू आपल्या हातात उतरतं, घरात, दुकानात, शिफ्टवर. म्हणून खाली प्रत्येक पायरीसोबत करण्याजोगं काहीतरी सांगितलं आहे. तेवढं सोडून नुसते शब्द घेऊ नका, ही विनंती.

पहिली पायरी: वेळ आणि जागा

मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे, अजून अंधार असताना, उठून एकांतात जातो. आदल्या संध्याकाळी सगळं गाव त्याच्या दाराशी लोटलेलं होतं. म्हणजे दमलेल्या माणसाने काढलेला हा वेळ आहे, रिकाम्या माणसाने काढलेला नाही.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो सांगतो, आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि प्रार्थना कर. हे वाचलं की वर्गात कुणीतरी हमखास हसतं, कारण आपल्याकडे कितीतरी घरांत खोलीच एक असते आणि दार लावलं तरी आत सहा माणसं. अशा वेळी जागा शोधावी लागते. एक जण दुकानाचं शटर अर्धं उघडून आत दहा मिनिटं बसतो, मग पूर्ण उघडतो. एक नर्सताई रात्रपाळी संपल्यावर बसथांब्याच्या बाकावर ओढणी डोक्यावर घेऊन बसते. जिन्याची वरची पायरी, गच्ची, कारखान्याच्या आवारातलं कडुलिंबाचं झाड, काहीही चालतं. रोज तीच जागा असली तर बरं, कारण तिथे बसलं की मन ओळखतं आता काय करायचं आहे.

आपल्या गावाचा हिशेबही धरायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पार जातो, पत्र्याच्या घरात सकाळी नऊनंतर बसवत नाही. तेव्हा पहाटे साडेपाच नाहीतर रात्री गच्चीवर. आणि नळाला पाणी रोज येत नाही. पाण्याच्या दिवशी घरातल्या बाईचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. त्या दिवशी प्रार्थना चुकली म्हणून मनाला लावून घेऊ नका. पिंप भरेपर्यंत नळाजवळ उभं राहावंच लागतं, ती मिनिटं घ्या.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. फोन लांब ठेवा. शास्त्र, म्हणजे बायबल, फोनवर वाचायची सवय असेल तर या दहा मिनिटांपुरतं छापील पुस्तक हातात घ्या, नाहीतर दुसऱ्या ओळीवर कुणाचा तरी मेसेज येतो. गुडघे टेकायचे, उभं राहायचं की मांडी घालून बसायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. शास्त्रात तिन्ही प्रकारे प्रार्थना करणारी माणसं आहेत.

मन भटकेल. पहिल्या आठवड्यात तर दहातली आठ मिनिटं भटकेल. मागावर धागा तुटला की विणकर माग थांबवतो, दोन टोकं शोधतो, गाठ मारतो आणि पुन्हा माग सुरू करतो. कापड फाडून टाकत नाही. एका शिफ्टमध्ये किती वेळा धागा तुटतो हे कुठल्याही मागवाल्याला विचारा. भटकलेलं मन परत आणणं हेच त्या दहा मिनिटांतलं तुमचं काम आहे.

दुसरी पायरी: प्रभूची प्रार्थना, एकेक ओळ

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर येशूने दिलेले शब्द घ्या. ही प्रार्थना मत्तय ६:९-१३ मध्ये आहे, थोडी आखूड लूक ११:२-४ मध्ये. संथपणे म्हटली तरी अर्ध्या मिनिटात होते. सगळ्यांना पाठ असते आणि तीच अडचण आहे, कारण पाठ असलेलं तोंड आपोआप म्हणतं. म्हणून नव्यांना मी एका दिवशी एकच ओळ घ्यायला सांगते. ती तीनदा म्हणा, थांबा, आणि आज या ओळीमुळे मी काय वेगळं करणार ते देवाला सांगा.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या." पहिल्याच ओळीत 'आमच्या' आहे. पूर्ण प्रार्थनेत 'मी' किंवा 'माझं' एकदाही येत नाही, शोधून पाहा. एकटे खोलीत बसलात तरी तुमच्याबरोबर शेजारची खोली, गल्ली, मंडळी सगळी बसलेली असते. इथे एक गोष्ट सांगून ठेवते. आमच्या वर्गात एका मुलीच्या तोंडून 'पिता' हा शब्द निघेना. तिचे वडील दारू पिऊन तिला मारायचे. मी तिला म्हटलं, तू सध्या 'प्रभू' म्हण, घाई नाही. दीड वर्षाने एका रविवारी ती माझ्या शेजारी बसून पूर्ण प्रार्थना म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, मुद्दामच.

"तुझे नाव पवित्र मानले जावो." रिक्षाच्या काचेवर वचन लिहिलेलं असेल आणि स्टेशनवर रात्री उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाकडून दुप्पट भाडं घेतलं तर ते नाव कसं पवित्र राहील? गळ्यात क्रूस घालणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ गाडीला किल्ली लावताना म्हणावी.

"तुझे राज्य येवो. जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." पृथ्वी म्हटलं की डोळ्यासमोर गोल येतो. त्यापेक्षा आपल्या कामाची जागा आणा. आपल्याकडे हजारो बाया विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली असते. मोजताना विड्या बाद करून त्यांचे पैसे कापायचे की मोजणी सरळ करायची, हे मोजणाऱ्या माणसाच्या हातात असतं. तो माणूस तुम्ही असाल तर ही ओळ तुमच्यासाठी आहे. तुम्ही शिक्षक असाल, कारकून असाल, सुपरवायझर असाल, तर तुमची मोजणी कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे.

"आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." या ओळीवर मी जरा थांबते, कारण प्रार्थना मी या ओळीतूनच शिकले.

माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. भोंगा वाजायचा थांबला तरी वडील त्याच वेळेला उठून अंथरुणात बसून राहायचे. आई विड्या वळायला लागली. सकाळी ती चुलीपुढे बसायची, काठवटीत ज्वारीचं पीठ घ्यायची, कढत पाणी घालून तळहाताने रगडून रगडून मळायची. मग गोळा घेऊन थापायला लागली की ओठ हलायचे. तिने मला एकदा दाखवलं. थापायला सुरुवात करताना "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायचं, आणि "आमेन"पर्यंत आलं की भाकरी तव्यावर टाकण्याजोगी झालेली असते. वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी आटलं की उलटायची. एका भाकरीला एक प्रभूची प्रार्थना. घरात आठ भाकऱ्या होत असतील तर आठ वेळा. अजून मी तशीच थापते, आणि वर्गातल्या बायकांना सांगते, तुम्हाला वेगळा वेळ मिळत नसेल तर हा वेळ आहेच की.

याच्याही आधी ती एक गोष्ट करायची. पीठ काठवटीत घेतलं की त्यातली एक मूठ काढून कोपऱ्यातल्या डब्यात टाकायची. शनिवारी तो डबा गल्लीतल्या एका घरी जायचा. त्या बाईचा नवरा वारला होता आणि पदरात तीन लेकरं होती. आमच्याच घरात ओढाताण होती, म्हणून मी एकदा चिडून विचारलं, आपल्यालाच पुरत नाही तर त्यांना कशाला? आई म्हणाली, "अगं, 'माझी भाकर' कुठं म्हणतो आपण?" एवढंच बोलली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

तेव्हा या ओळीचं काम हे. रोज काहीतरी मूठभर बाजूला काढा. पीठ, पाच रुपये, अर्धा तास, जे असेल ते. आणि ते जाणार कुठे हे आधी ठरवा, नाहीतर डबा भरतो आणि तसाच राहतो.

"आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." मत्तयात शब्द 'ऋण' आहे. उसनवारी, बचत गट, फायनान्सचे हप्ते यांत बुडालेल्या आपल्या गल्ल्यांना हा शब्द चांगला कळतो.

मी माझ्या धाकट्या भावाला दुकानासाठी पैसे दिले होते. माझी शिक्षिकेच्या पगारातून साठवलेली रक्कम होती. त्याने ते परत केले नाहीत आणि वर चारचौघांत म्हणाला की ताईने काही दिलंच नव्हतं. पुढची चार वर्षं मी उपासनेत ही ओळ आली की ओठ हलवायचे, आवाज काढायचे नाही. कुणाला कळत नव्हतं, देवाला कळत होतं. मग एकदा मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वाचन आलं, वेदीजवळ अर्पण आणलं असता भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. मी दानार्पणाचं पाकीट पिशवीत परत घातलं आणि दुपारी त्याच्या घरी गेले.

तो अंगणात स्कूटरचा प्लग साफ करत बसला होता. मान वर केली नाही. मी म्हटलं, "ते पैसे मी सोडले. आता मागणार नाही, कुणापाशी बोलणारही नाही. तू घरी येत जा." तो पॉलिश पेपरने प्लग घासतच राहिला. वहिनीने चहा आणला, तो पिऊन मी निघाले. रडारड झाली नाही, मिठ्या मारल्या नाहीत. चार महिन्यांनी माझा मोतीबिंदू निघाला तेव्हा डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन तो दवाखान्यात आला. पैशांचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. पण पुढच्या रविवारी ती ओळ मी मोठ्याने म्हटली.

क्षमा करायला घाई करा असं मी कुणाला सांगत नाही. मला चार वर्षं लागली. मात्र ओठ नुसते हलवत असाल तर तेवढं तरी देवाजवळ कबूल करा: "प्रभू, ही ओळ माझ्याने म्हणवत नाही." हीदेखील खरी प्रार्थना आहे. आणि एक गोष्ट ठासून सांगते. नवरा मारतो, सासरी छळ होतो, कुणी मुलांच्या अंगाला हात लावतो, अशा वेळी क्षमेच्या नावाखाली तिथेच सोसत राहा असं शास्त्र सांगत नाही. आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मंडळीतल्या विश्वासू व्यक्तीला सोबत घ्या. मनातला राग देवापुढे ठेवायला पुढे वेळ आहे.

"आणि आम्हांला परीक्षेत आणू नकोस, तर आम्हांला वाइटापासून सोडव." पगाराच्या दिवशी ज्या चौकात पाय घसरतो तो चौक टाळा, दुसऱ्या रस्त्याने घरी या. मोबाइलवर पैसे लावायचा खेळ असेल तर आज रात्री काढून टाका. देवाने सोडवावं असं मागायचं आणि दार आपणच उघडं ठेवायचं, असं चालत नाही.

तिसरी पायरी: दिवसभरात लहान लहान हाका

बायबलच्या जुन्या करारातला नहेम्या राजापुढे उभा असतो. राजा विचारतो, तुला काय हवं आहे? नहेम्या २:४ मध्ये लिहिलं आहे की त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, आणि लगेच पुढच्या वचनात तो राजाला उत्तर देतो. मध्ये किती वेळ गेला असेल? एक श्वास. तेवढीही प्रार्थना होते.

अशा दोन-तीन हाका ठरवून ठेवा. "प्रभू, दया कर." "प्रभू, माझी जीभ सांभाळ." "तुझी इच्छा." आणि त्या दिवसातल्या ठरावीक खुंट्यांना अडकवा. माझ्या खुंट्या सांगते: दाराची कडी काढताना, फोन उचलण्याआधी, रागाने मेसेज लिहून झाला की पाठवण्याआधी. या तिसऱ्या खुंटीने माझे कितीतरी मेसेज पुसले गेले आहेत.

चौथी पायरी: नावांची वही

स्वस्तातली कुठलीही वही घ्या आणि पानाच्या मध्ये रेघ मारा. डावीकडे ज्यांच्यासाठी प्रार्थना करता त्यांची नावं. उजवीकडे, मी काय करीन. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे की उघड्या आणि उपाशी माणसाला नुसतं 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून काय उपयोग. उजवा रकाना त्यासाठी आहे.

पहिल्यांदा उजवीकडे काही सुचत नाही. 'शेजारच्या आजी, गुडघेदुखी' असं लिहिलं की उजवीकडे काय लिहायचं? पाण्याच्या दिवशी त्यांच्या दोन घागरी भरून देणं. 'पुतण्या, नोकरी' असेल तर त्याचा अर्ज भरायला बसणं. कधी कधी खरंच काही करता येत नाही. तिथे मी 'भेटेन' एवढंच लिहिते. वहीत किमान एक नाव अशा माणसाचं असू द्या जो तुम्हाला आवडत नाही. आणि एक अशा शेजाऱ्याचं, जो मंडळीतला नाही आणि होणारही नाही. त्याचं भलं मागताना मनात कसलाही हिशेब ठेवू नका. गड्ड्याच्या जत्रेत, गणपतीत, ईदेला आपण एकमेकांच्या दारात असतोच. तिथे आपल्या वागण्यातून जे दिसायचं ते दिसतं.

ही वही कुणाला दाखवायची नाही. मला इथे थोडं कडक बोलायचं आहे. 'प्रार्थनेचा विषय' म्हणून दुसऱ्याच्या घरातली गोष्ट सभेत सांगणं किंवा मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं ही आपल्यातली वाईट सवय आहे. अमक्याच्या मुलीचं लग्न मोडलं, तमक्याचा रिपोर्ट असा आला, आणि खाली वीस जणांचे हात जोडलेले. त्या मुलीला विचारलं होतं का? विचारल्याशिवाय कुणाचं नाव आणि दुखणं जाहीर करू नका. देवाला नाव न सांगताही कळतं.

आजारी माणसाला भेटायला गेलात तर थोडा वेळ बसा, आधी त्याचं ऐका, मग विचारा, "प्रार्थना करू का?" तो 'नको' म्हणाला तर हात धरून गप्प बसा. आणि प्रार्थना केली म्हणून औषध बंद करायला कधीही सांगू नका. साखरेच्या आजाराची गोळी, टीबीचा कोर्स, मनाच्या आजाराची औषधं, हे सगळं डॉक्टर सांगतील तसं चालू राहिलं पाहिजे. डॉक्टरचे हातही देवाच्याच कामाचे आहेत.

पाचवी पायरी: स्तोत्रं, वाचून आणि गाऊन

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. रोज एक वाचलं तर पाच महिन्यांत पुस्तक पूर्ण होतं. तेविसावं सगळ्यांना आवडतं, पण मी नव्यांना तेरावंही वाचायला लावते. त्यात भक्त देवाला सरळ विचारतो की तू मला किती काळ विसरणार. देवाशी असं बोलायची परवानगी आहे, हे कळलं की माणसं खरं बोलायला लागतात. चूक झाली असेल तर एक्कावन्नावं आहे.

वाचणं जमत नसेल तर गा. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांच्यामुळे अभंग, भजन, कीर्तन मराठी मंडळीत रुजलं. त्यामुळे आपल्याकडे पेटी-टाळ घेऊन, ओव्या म्हणाव्यात तशी प्रार्थना करता येते. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला ही चाल परकी कशी वाटेल? अक्षर न येणाऱ्या किती आज्यांनी गाण्यांतूनच सगळं शास्त्र पोटात ठेवलं आहे.

पंडिता रमाबाईंचं नावही इथे घेते. सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड सोडलं की पुढे केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन त्यांचं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली-बायकांना आणून तिथे आसरा दिला. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली, तासन्‌तास मुली प्रार्थना करत. आणि त्याच आवारात शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, अंध मुलींसाठी शाळा होती. रमाबाईंनी स्वतः मूळ भाषा शिकून शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि १९२२ मध्ये जाईपर्यंत त्या कामात राहिल्या. प्रार्थना करणाऱ्या बाईचे हात कसे असतात हे पाहायचं असेल तर गाडीच्या खिडकीतून ते स्टेशन एकदा नीट पाहा.

मंडळीबरोबर

एकट्याने सुरू केलेली प्रार्थना फार दिवस एकटी टिकत नाही. रविवारची उपासना, आठवड्यातली घरगुती सभा, जिथे जमेल तिथे जा. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड अशा भाषांतून उपासना चालतात. ज्या भाषेत तुम्हाला रडू येतं त्या भाषेची निवडा. सभेत तुमची पाळी आली आणि शब्द सुचले नाहीत तर 'आमेन' म्हणा आणि पुढच्याला जाऊ द्या. आमेन म्हणजे तसंच होवो. दुसऱ्याच्या प्रार्थनेखाली केलेली ती तुमची सही आहे. मोठ्याने, लांबलचक, जड शब्दांत बोलणाऱ्यांना पाहून घाबरू नका. लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार सात-आठ शब्द बोलला आणि नीतिमान ठरून घरी गेला.

मागितलेलं मिळालं नाही तर

हा प्रश्न साधारण तिसऱ्या महिन्यात येतो. मला याचं गुळगुळीत उत्तर द्यायचं नाही.

आमच्या घरात वर्षानुवर्षं एकच मागणं होतं, गिरणी उघडू दे. गिरणी उघडली नाही. वडिलांनी पुढे एका गोदामावर राखणदारी केली, आणि त्यातच गेले. क्रूसावर जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही मागितलं होतं की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि प्याला दूर झाला नाही. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत सलणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली. उत्तर आलं ते 'माझी कृपा तुला पुरे आहे' असं, काटा तसाच राहिला. म्हणून 'विश्वास कमी पडला' असं कुणाही दुःखी माणसाला म्हणू नका. मी ते माझ्या आईला म्हटलेलं ऐकलं आहे. त्या रात्री ती जेवली नव्हती.

पण वडील शेवटच्या वर्षांत भोंग्याच्या वेळेला उठून नुसते बसत नसत. आईच्या शेजारी बसून विड्यांना दोरा बांधायचे आणि तिच्याबरोबर प्रार्थना म्हणायचे. आयुष्यभर त्यांनी बायकोच्या कामाला हात लावला नव्हता.

पहिला आठवडा

सोमवारी जागा आणि वेळ ठरवा, बाकी काही नको. मंगळवारी पहिली ओळ घ्या, 'आमच्या' या शब्दावर थांबा. बुधवारी वही आणा आणि पाचच नावं लिहा. गुरुवारी भाकरीची ओळ, आणि मूठ बाजूला काढायला एक डबा. शुक्रवारी ऋणाची ओळ. एखादं नाव गळ्यात अडकलं तर तसं देवाला सांगा. शनिवारी वहीतल्या उजव्या रकान्यातलं एक काम प्रत्यक्ष करा आणि डबा पोहोचवा. रात्री झोपताना तीन प्रश्न विचारा: आज देव कुठे भेटला, मी कुणाला दुखावलं, उद्या कुणाकडे जायचं आहे? रविवारी मंडळीत या, मागच्या दोन बाकांवर जागा असते.

पुढच्या सोमवारी पाणी यायचं असेल तर आदल्या रात्रीच भांडी रिकामी करून नळाशी लावून ठेवा, म्हणजे पहाटे बसता येईल.